घर हेच पहिलं पाळणाघर

मी त्या संस्थेच्या विरोधातली नव्हते, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल, या बाईचा पहिल्यापासूनच राग असणार. राग नव्हता. उलट सात-आठ वर्षं मी त्यांची माणूस होते.

मुंबईची अभ्याससंस्था. हल्ली अशा संस्थांना थिंक टँक म्हणतात. सरकारची धोरणं तपासायची, अहवाल काढायचे, पुस्तिका छापायच्या, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना निवेदनं द्यायची, हे त्यांचं काम. विचार परंपरावादी. कुटुंब टिकलं पाहिजे, गावाने आपला कारभार आपण पाहिला पाहिजे, सरकारने घराच्या उंबरठ्याबाहेर थांबलं पाहिजे, असं ते मांडत. त्यांचं मराठी त्रैमासिक माझ्याकडे टपालाने यायचं. बोईसरच्या शाळेत मी मराठी शिकवायचे आणि त्या अंकातलं जवळपास सगळं मला पटायचं. अजूनही त्यातलं बरंच पटतं. राग त्यामुळेच जास्त आहे.

निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी मी त्यांना एक लेख पाठवला होता. सासूबाईंवर. मला नोकरी लागली तेव्हा आमची मुलगी नऊ महिन्यांची होती. सासूबाई सांगली जिल्ह्यातलं घरदार सोडून बोईसरला आमच्या दोन खोल्यांत राहायला आल्या, त्या तब्बल अकरा वर्षं राहिल्या. त्यांच्या जिवावर मी नोकरी केली. लेख छापून आला आणि संपादकांचा फोन आला. निवृत्त प्राध्यापक, बोलणं मृदू, प्रत्येक वाक्याआधी ‘ताई’. ते म्हणाले, “ताई, आम्ही जे दहा पानांत सिद्ध करू शकत नाही, ते तुम्ही दोन पानांत दाखवलंत.” शाळेत कोणी असं म्हणत नाही. मी हरखले. मग त्यांच्या पुस्तिकांची भाषा तपासायचं काम माझ्याकडे येऊ लागलं. इंग्रजीतून उतरवलेलं अवघडलेलं मराठी मी सरळ करून द्यायचे. त्यांना मी ‘सर’ म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. औद्योगिक वसाहतींमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या लहान मुलांसाठी पाळणाघरं काढावीत, असं सरकार दरबारी घाटत होतं. मोठ्या कारखान्यांना तसं बंधन असतं, छोट्यांना नसतं. म्हणून दहा-वीस छोट्या कारखान्यांनी मिळून एक चालवायचं, अशी ती कल्पना. एक समिती नेमली होती आणि समितीने संस्थांकडून अभ्यास मागवले होते.

“आपण तुमच्या बोईसरचीच तारापूर वसाहत घेतोय,” सर म्हणाले. “आमची एक संशोधक मुलगी तीन दिवस येईल. तुम्ही तिच्याबरोबर फिराल का? बायका तुमच्याशी मोकळेपणाने बोलतील.”

मी लगेच हो म्हटलं.

मुलगी पुण्याची होती, पंचविशीतली. हुशार, नम्र, हातात टॅब. मला काकू म्हणायची. पहिले दोन दिवस आम्ही बोईसरच्या चाळींतून फिरलो. इथे राहणारी माणसं परभणी, जालना, जळगाव, सोलापूरकडची, काही उत्तर प्रदेशातली. एका ओळीत बारा-चौदा खोल्या, वर पत्रा, समोर गटार, आणि हवेत तो वसाहतीचा वास. इथे राहणाऱ्याला तो येत नाही, नव्या माणसाच्या मात्र डोळ्यांत पाणी येतं. त्या मुलीने दोन्ही दिवस नाकाला ओढणी लावली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ज्या बाईकडे गेलो ती परभणीकडची. औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. पहिली पाळी करून नुकतीच घरी आली होती. तीन वर्षांची मुलगी तिच्या मांडीवर पालथी पडून आमच्याकडे बघत होती.

“मुलीला कोण सांभाळतं?” संशोधक मुलीने विचारलं.

बाई माझ्याकडे बघून बोलली, “कोण सांभाळणार, बाई? मी साडेसहाला निघते. ह्यांची रातपाळी आठला सुटते, यायला नऊ वाजतात. तवर ती एकटीच.”

“एकटी म्हणजे?”

“खोलीत. बाहेरून कडी लावून जाते.”

ती हे काही लपवून-छपवून बोलत नव्हती. उलट आपण किती काळजी घेतो ते ती आम्हाला सांगत होती. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून वरच्या फळीवर ठेवते. काड्यापेटी स्वतःच्या पिशवीत घालून कामावर नेते. दाराची आतली कडी नवऱ्याने पकडीने उपटूनच टाकली होती, कारण एकदा पोरीने आतून ती लावली आणि तिला काढता येईना. दाराला जिथे ती कडी होती तिथे चार भोकं दिसत होती. खिडकीखाली एक बादली पालथी ठेवलेली. तिच्यावर उभं राहून पोर गजांतून बाहेर बघत असे.

“शेजारच्या बघत नाहीत?” मी विचारलं.

“त्याबी ड्युटीलाच जातात की. आन् ह्यांची पाळी बदलली का मग तीन वाजेस्तवर एकटी. मी येईपर्यंत.”

मी मांडीवरच्या मुलीला विचारलं, “काय करतेस गं तू घरी?”

ती मांडीतून तोंड वर करून म्हणाली, “भोंगा वाजला की बाबा येतो.”

संशोधक मुलीच्या टॅबवर प्रश्न होता: मुलाची देखभाल कोण करते? खाली चार पर्याय. कुटुंब, शेजारी, पाळणाघर, इतर. तिने ‘कुटुंब’वर बोट ठेवलं.

“कुटुंब कसं?” मी म्हटलं. “ती एकटी असते.”

“वडील येतात ना काकू नऊला.”

“आणि तोपर्यंत? इतर लिहा.”

“इतर लिहिलं की कोण ते लिहावं लागतं. कोणीच नाही, असं त्यात घालता येत नाही.” ती खरोखरच अडली होती. मग तिने ‘इतर’मध्ये काही न लिहिता जवळच्या वहीच्या कडेला पेनने ‘एकटी’ असं टिपून ठेवलं. मी समाधान मानलं. वाटलं, लिहून घेतलं आहे म्हणजे झालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही नवापूरला गेलो. खरं तर नवापूर वसाहतीत येत नाही, ते समुद्रावरचं मासेमारीचं गाव. पण संशोधक मुलगी म्हणाली, तुलनेसाठी किनाऱ्यावरचं एक गाव हवंय. तिथे एक आजी मला ओळखत होती. तिच्या दोन नातवंडांना मी शिकवलेलं. आम्ही गेलो तेव्हा ती अंगणात वाळलेले बोंबील निवडत बसली होती आणि तीन लहान पोरं तिच्या आजूबाजूला खेळत होती. सुना एक बाजारात, एक वसाहतीतल्या कारखान्यात. घर भरलेलं, ऊन कोवळं, म्हातारी हसरी. ते बघून मला माझ्या सासूबाईच आठवल्या.

“आमच्यात पोरं आजीकडंच वाडतान,” ती म्हणाली. “माजी सासू होती तवा तिच्याकडं. आता माज्याकडं.” आणि मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “पन बाय, माजा गुडगा नाय आता चालत. एकादा पोर समिंदराकडं पलाला तर मी कशी धावू? हितं दुपारपर्यंत पोरांना बसवायला कायतरी पायजे. मी सरपंचाला पन बोलली.”

हे मी त्या मुलीला नीट समजावून सांगितलं. तिने मान डोलावली, टिपून घेतलं, आणि आजीचा नातवंडांसकट फोटो काढला. आजीने त्याआधी पदर सारखा केला.

महिन्याभराने सरांनी मला पुस्तिकेची फक्त प्रस्तावना तपासायला पाठवली. तिच्यात विचार होते, आमच्या फिरतीबद्दल काही नव्हतं. शेवटचं वाक्य असं होतं: ‘गृहसंस्था हीच बालसंगोपनाची आद्य व्यवस्था होय.’ मी ते खोडलं आणि समासात लिहिलं, ‘घर हेच पहिलं पाळणाघर’ कसं वाटतं? सरांनी लगेच फोन केला. “ताई, हे तर शीर्षकच झालं!”

मला खूप आनंद झाला होता. तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पुस्तिका छापून आली ती पाच प्रतींचं पुडकं होऊन. वरती आजी. नवापूरचं अंगण, तीन पोरं, सारखा केलेला पदर. खाली माझं शीर्षक. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छायाचित्राचा तपशील: ‘बोईसर औद्योगिक क्षेत्रातील एक कुटुंब.’ मी म्हटलं, चूक झाली असेल. मग आत वाचू लागले. वसाहतीतल्या बहुसंख्य मातांनी मुलांची देखभाल कुटुंबातच होत असल्याचं सांगितलं, असं लिहिलं होतं. सामाईक पाळणाघरांची मागणी स्थानिक पातळीवर आढळली नाही, असंही. सरकारने अशी योजना लादली तर छोट्या उद्योगांवर बोजा पडेल आणि कुटुंबाचं नैसर्गिक बळ खचेल. तेराव्या पानावर एक चौकट होती. चौकटीत ठळक अक्षरांत एका मातेचे शब्द:

‘माझी मुलगी घरीच असते. भोंगा वाजला की तिचे बाबा येतात.’

मी ती चौकट किती वेळा वाचली असेल, सांगता येत नाही. ते बोलणं आईचं नव्हतंच, तीन वर्षांच्या पोरीचं होतं. आणि तरी त्यात खोटं असं काही दाखवता आलं नसतं. मुलगी घरीच असते. बाबा येतात. बाहेरची कडी तेवढी काढून टाकली होती. शेवटच्या पानावर आभार होते आणि त्यात माझं नाव, ‘स्थानिक समन्वय व भाषासाहाय्य’ म्हणून.

मी सरांना फोन लावला. 

“सर, ती मुलगी घरात कोंडलेली असते. मी तिथे होते.”

“ताई, शांत व्हा. त्या चौकटीत एक तरी वाक्य खोटं आहे का?”

“खोटं कसं नाही? अर्धं सोडून दिलंय!”

“प्रत्येक अहवालात काहीतरी सोडावंच लागतं. अहवालाला दिशा असते. आपवादिक उदाहरणं घेऊन धोरण ठरवता येत नाही.”

“अपवाद? सर, त्या ओळीत चौदा खोल्या आहेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांत आजी एका घरी होती, आणि ती अंथरुणाला खिळलेली. आणि मुखपृष्ठावरची आजी नवापूरची आहे. तिने दुपारपर्यंत पोरांना बसवायची सोय मागितली, तेही नाही तुमच्या पुस्तिकेत.”

 सर नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, “सरकारला घरात शिरू द्यायचं नाही, ही आपली भूमिका आहे. तुमचीही होती. तुमच्या लेखात तुम्हीच लिहिलंत.”

“त्या घरात कोणीच शिरू शकत नाही, सर. दाराला बाहेरून कडी आहे.”

“तुम्ही पत्र लिहा,” ते म्हणाले. “आपण पुढच्या अंकात छापू.”

मी दोन पानी पत्र लिहिलं. पुढचा अंक आला. पत्र नव्हतं. विचारलं तर कळलं, जागेअभावी राहिलं. त्याच अंकात चाळीस पानांचा एक लेख होता, सत्य आणि शील यांवर.

मला वाटलं, निदान त्या आईला जाऊन सांगावं. तोवर तिने बोईसरची खोली सोडली होती. भाडं परवडेना म्हणून ती वाणगावला राहायला गेली होती आणि रोज गाडीने कामावर येत होती. रविवारी मी वाणगावला गेले. पुस्तिका दाखवली, चौकट वाचून दाखवली.

तिने पहिल्यांदा विचारलं, “माझं नाव हाय का ह्यात?”

“नाही.”

“फोटो?”

“तुझा नाही.”

“मग बरं. नाव आलं असतं तर पॅकिंगच्या लाइनीवरून काढलं असतं.” तिने पुस्तिका उलटसुलट केली, आजीकडे बघितलं, आणि मग एकदम म्हणाली, “पण म्या कडीचं सांगितलं होतं की, बाई. तुम्ही होता की तिथं.”

बस्स, एवढंच बोलली. रागाने नाही. मी होते तिथे, मग हे असं कसं झालं, एवढाच तिचा साधा प्रश्न होता. मी पुस्तिका मिटून पिशवीत घातली.

घरी येऊन मी माझा तो जुना लेख काढला. त्यात मी लिहिलं होतं, ‘सासूबाई आनंदाने आल्या.’ आनंदाने हे मला कोणी सांगितलं? त्यांना आम्ही विचारलं नव्हतं. यांनी पत्र टाकलं होतं, ‘आई, निघून ये.’ गावी सासरे एकटे राहिले, हाताने भाकरी थापून खात होते. दर वर्षी श्रावणात सासूबाई म्हणायच्या, “आठ दिवस जाऊन येऊ का गं?” आणि मी म्हणायचे, “सहामाही परीक्षा होऊ द्या.” लेखात ते नव्हतं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं आणि माझी कृतज्ञताही खरी होती, पण मीही माझ्यापुरती एक चौकट छापली होती. सरांवर चिडताना हे मला विसरता येत नाही. म्हणून राग कमी झाला असं मात्र समजू नका. दोन्ही राग आता एकत्र झाले होते.

मग मी नवापूरला गेले. पुस्तिका बघून आजी आधी खूश झाली. सुनांना हाका मारल्या, पदर कसा छान आलाय ते दाखवलं. मग म्हणाली, “वाच ना.” मी वाचलं. आतला फोटोचा तपशील वाचला तशी तिचं हसू मावळलं.

“मी बोईसरची कवा झाली? माजा जल्म नवापूरचा, लगीन नवापूरला.”

“त्यांनी तसं छापलंय, आजी.”

“आनी मी गुडग्याचा बोलली, पोरांना बसवायचा बोलली, ता कुटं हाय?”

“नाही ते.”

“नाय?” ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला खाली बघावं लागलं. “मंग हे लोक हितं कशाला आलते?”

मी तिला सांगितलं, पुढच्या आठवड्यात पालघरला समितीची बैठक आहे, सगळ्यांसाठी खुली. संस्थाही तिथे बोलणार आहे. मी जाऊन आक्षेप घेणार आहे. मी परत येऊन काय झालं ते सांगेन, असं म्हणणार होते. त्याआधीच आजी म्हणाली, “मी पन येतंय. माजा तोंड त्यांनी नेलाय, मी सोता जाऊन मागतंय.”

बैठक पालघरला, जिल्ह्याच्या नव्या इमारतीत. मोठं सभागृह, गार हवा, मऊ खुर्च्या. कारखानदारांचे प्रतिनिधी पुढे, आम्ही मागे. परभणीच्या बाईला पाळी सोडून येता आलं नाही. आजी हिरवं लुगडं नेसून, कपाळाला मोठं कुंकू लावून आली होती. रिक्षातून उतरल्यावर सभागृहापर्यंतच्या पायऱ्या चढायला आम्हाला बराच वेळ लागला.

सर व्यासपीठावर होते. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखीचं हसले. त्यांना वाटलं असेल, मी कौतुकाने आले आहे. मग त्यांचं सादरीकरण सुरू झालं. दिवे मंद झाले आणि पडद्यावर आजी आली. भिंतीएवढी.

मी उठायच्या आत आजीच उठली. माझा खांदा धरून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, “ती मी हाय!”

सगळे मागे वळले. कोणीतरी हसलं. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “आजी, प्रश्न शेवटी घेऊ.”

“प्रश्न नाय. ती मी हाय. पन मी बोईसरची नाय, नवापूरची हाय. आनी मी बोलली ता ह्यांनी छापला नाय.”

अध्यक्षबाईंनी दिवे लावायला सांगितले. हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते, त्यांनी आम्हाला बोलू दिलं. आजी दोन मिनिटं बोलली. गुडघ्याबद्दल, समुद्राबद्दल, सून कामाला जाते त्याबद्दल. मग मी बोलले. तेराव्या पानावरची चौकट वाचली आणि तिच्यातून काय गाळलंय ते सांगितलं. गॅसचा रेग्युलेटर, काड्यापेटी, दारावरची चार भोकं, सगळं. शीर्षक माझं आहे, हेही सांगितलं. पुढच्या रांगेतला एक कारखानदार मान खाली घालून बसला होता. दुसरा म्हणाला, “बाई, एका उदाहरणावरून सगळ्या वसाहतीला बदनाम करू नका.” मी म्हटलं, “एका फोटोवरून सगळ्या वसाहतीला आजी लावलीत, ते चालतं?” तेव्हा मात्र मागच्या रांगांतून टाळ्या वाजल्या.

बैठक संपल्यावर सर बाहेर व्हरांड्यात आमच्यापाशी आले. चेहरा उतरलेला होता. आजीसाठी त्यांनी स्वतः खुर्ची ओढली, पाण्याची बाटली आणून दिली. तो माणूस वाईट नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. त्यामुळे आणखीच चीड येत होती.

“ताई, तुम्ही मला आधी सांगून आला असतात तर.”

“फोनवर सांगितलं होतं, सर. पत्रातही लिहिलं होतं.”

ते आजीकडे वळले. “आजी, चूक झाली. आम्ही तुमचा फोटो काढून टाकतो.”

आजी पाणी पीत होती. बाटली खाली ठेवून म्हणाली, “फोटो कशाला काडतोस? फोटो ऱ्हाऊ दे. माजा बोलना टाक.”

 सर हात जोडून गेले.

नंतर काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण त्यात फार काही नाही. बैठकीच्या इतिवृत्तात आमच्याबद्दल एक ओळ आली: ‘काही उपस्थितांनी अहवालातील छायाचित्राबाबत हरकत नोंदवली.’ छायाचित्राबाबत! पाळणाघरांचा विषय पुढील अभ्यासासाठी राखून ठेवला गेला आणि अजून तिथेच आहे. पुस्तिकेची सुधारित आवृत्ती संस्थेच्या संकेतस्थळावर चढली. मुखपृष्ठावरून आजी गेली. तिच्या जागी कुठल्यातरी गोऱ्यापान आईचं आणि बाळाचं हसरं चित्र आलं, या जिल्ह्यातलं तर नाहीच, बहुधा या देशातलंही नाही. आभारांतून माझं नाव गेलं. शीर्षक राहिलं. तेराव्या पानावरची चौकट जशीच्या तशी राहिली.

मी त्रैमासिक घेणं बंद केलं. पण परभणीच्या बाईचा तो प्रश्न काही बंद करता येईना. शेवटी मी तिला निरोप पाठवला, पोरीला माझ्याकडे आणून सोड. ती सकाळी वाणगावहून मुलीला घेऊन यायची, स्टेशनवरून माझ्याकडे सोडून पुढे कामावर. मग तिच्या लाइनीवरच्या आणखी दोघींनी विचारलं, आणि मग चौथीने. आमच्या यांनी पस्तीस वर्षं शिफ्टची नोकरी केली, आता निवृत्त. ते पोरांना पोहे करून घालतात, मी गोष्टी सांगते. तीनपर्यंत घर नुसतं दणाणून जातं. मुलं गोड आहेत. मी ते आनंदाने करते, आणि या वेळी आनंदाने हा शब्द मी स्वतःबद्दलच वापरते आहे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या एका जुन्या सहकारी शिक्षिकेने त्या त्रैमासिकाचा नवा अंक आणून दिला. “तुझ्याबद्दल आलंय,” म्हणाली. सरांचं संपादकीय होतं. नाव नव्हतं. ‘बोईसरमधील एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या घरात कामगार मातांच्या मुलांसाठी मायेची सावली उभी केली आहे. सरकारी योजनेची वाट न पाहता समाज स्वतःच उत्तर शोधतो, याचं हे बोलकं उदाहरण.’

मी ते उभ्यानेच वाचलं. पुन्हा तेच! एकही शब्द खोटा नाही. मी तेव्हाच फोन केला. सरांनी उचलला आणि “ताई” एवढंच म्हणाले.

“सर, हे उत्तर नाही. मी साठीची आहे. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि चार मुलं मावतात. मी आजारी पडले तर ती चार परत कोंडली जातील. मला पुरावा म्हणून वापरू नका. तुमच्यामुळे मी हे करत नाही, तुमच्या म्हणण्यासाठी तर मुळीच नाही.”

“मी चांगल्या भावनेनेच लिहिलं होतं,” ते म्हणाले. आवाज दुखावलेला होता.

“ते मला माहीत आहे,” मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही.

त्याच आठवड्यात एक बाई दारात आली. मी तिला ओळखत नव्हते. जळगावकडची, नुकतीच कामाला लागलेली, कोणीतरी तिला माझा पत्ता दिला होता. कडेवर सात महिन्यांची मुलगी, गाढ झोपलेली. तिने आत डोकावून पाहिलं. खोलीत चार पोरं जेवत होती, यांच्या हातात भाताचं पातेलं होतं. तिला काही सांगायची गरजच नव्हती, पण तिने विचारलं, “एवढी एक होईल का, बाई? ही रडत नाही.”

इतकं लहान मूल मला झेपणार नाही. चौघांमागे धावताना त्या बाळाकडे कोण बघणार? मी नाही म्हटलं. कारणं सांगू लागले तशी तिने मान हलवली, “बरं,” म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या बाईला नाही म्हणायची पाळी माझ्यावर यायला नको होती. ज्यांनी अहवाल लिहिला, ज्यांनी विषय राखून ठेवला, त्यांच्यापैकी कोणाच्याही दारात ती गेली नाही, आणि जाणारही नाही. त्यांना तिचं तोंड बघून नाही म्हणावं लागत नाही. तिच्या खोलीत दुसऱ्या दिवशी काय झालं, ते मला आजही माहीत नाही. मी तिचा पत्तासुद्धा विचारला नव्हता.